सत्तर अक्षरांचा निरोप

सकाळी आठ वाजून चार मिनिटांनी पहिला धन्यवाद आला आणि मजकूरबाईला बरं वाटलं. खोटं कशाला बोला? गॅसचे गीझर बनवणाऱ्या त्या कंपनीत ग्राहकांना निरोप लिहिता लिहिता तिची सहा वर्षं गेली होती, आणि एवढ्या काळात ग्राहकांकडून दोनच प्रकारची उत्तरं आली होती. 'माणूस कधी येणार?' हे एक, आणि 'माणूस अजून आला नाही' हे दुसरं. आपणहून आभार मानणारा ग्राहक म्हणजे नवलच की!

ऑफिसात तिला सगळे मजकूरबाई म्हणत. ग्राहकाच्या फोनवर जाणारा छोटा निरोप आणि त्याच मिनिटाला जाणारा लांबलचक ईमेल, अशी जोडी लावून द्यायची, ही कल्पना तिचीच. साहेबांपुढे तिने ती मांडली होती तेव्हा म्हणाली होती, "निरोप म्हणजे दारावरची थाप हो साहेब. आणि ईमेल म्हणजे आत येऊन बसणारा पाहुणा. नुसती थाप मारून पळालं तर लोक वैतागतात, आणि थाप न मारता आत शिरलं तर दचकतात. दोन्ही पाहिजे." साहेबांना ते इतकं पटलं की पुढच्या बैठकीत त्यांनी ते स्वतःच्या नावावर सांगून टाकलं.

दुसरा धन्यवाद आठ वाजून सात मिनिटांनी आला. 'जिवात जीव आला. आभारी आहे.'

तिसरा लगेच त्याच्या पाठोपाठ. 'सुटलो बुवा!'

आता मात्र मजकूरबाई खुर्चीत ताठ बसली. सुटलो? कशातून सुटलो? तुमचा गीझर धोक्याचा आहे असं कळवल्यावर कोण शहाणा सुटलो म्हणतो?

त्याचं झालं होतं असं. आठवड्यापूर्वी कंपनीच्या मिस्त्रींना एका खेपेच्या गीझरमध्ये खोट सापडली. जळलेला गॅस बाहेर नेणारी नळी सांध्यापाशी ढिली पडायची आणि तो धूर न्हाणीघरातच कोंडायचा. त्या धुराला ना वास, ना रंग. माणसाला गुंगी येते आणि तो खाली बसतो, बस्स. त्या खेपेचे दोनशे चौदा गीझर लोकांच्या घरी लागलेले होते. परवा सगळ्यांना कळवलं होतं, तपासणी चालू आहे, आमचा पुढचा निरोप येईपर्यंत गीझर लावू नका. बाहेर थंडी म्हणजे अशी की नळाखाली धरलेला हात बधिर व्हावा. लोक दोन दिवस पारोसे बसले होते आणि निरोपाची वाट बघत होते. काल संध्याकाळी तपासणी संपली. सगळेच्या सगळे गीझर बाद. म्हणून आज शनिवारी सकाळी आठच्या ठोक्याला निरोप सुटेल अशी व्यवस्था लावून मजकूरबाई घरी गेली होती.

चौथं उत्तर आलं आठ वाजून सतरा मिनिटांनी.

'फार बरं केलंत. मी टेलरिंग करते, आई म्हातारी आहे, तिला गार पाणी सोसत नाही. दोन दिवस तिची आंघोळ राहिली होती. आता पाणी लावते.'

पाठवलेल्या निरोपांची नोंद मजकूरबाईने ताबडतोब उघडली. तिथे काल तिने काय लिहिलं ते नव्हतं, ग्राहकाच्या फोनवर प्रत्यक्ष काय पोचलं ते होतं. तिने वाचलं.

'आदरपूर्वक नमस्कार. आपल्या गीझरची तपासणी पूर्ण झाली. तो वापरण्यास योग्य'

संपलं. पुढे काही नाही. तिने काल लिहिलं होतं, 'योग्य नाही. तपशील ईमेलमध्ये पाहा.' त्यातलं 'नाही' गेलं, ईमेल गेला, पूर्णविरामसुद्धा गेला. दोनशे चौदा घरांत कंपनीने सहीशिक्क्यानिशी कळवलं होतं, की बिनधास्त आंघोळ करा.

कसं झालं ते तिला एका क्षणात कळलं आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. आजवर कंपनीचे निरोप मराठीतच जायचे, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेले. तशी एकशे साठ अक्षरं एका निरोपात मावतात. म्हाताऱ्याकोताऱ्यांना ते वाचता येत नाहीत म्हणून हिनेच हट्ट धरला, की एवढा महत्त्वाचा निरोप आपल्या लिपीत जाऊ दे. आपल्या लिपीची अक्षरं मावतात फक्त सत्तर, आणि त्या यंत्राच्या हिशेबी काना वेगळा, वेलांटी वेगळी, पाय मोडला तर तोही वेगळा. त्यातून एका निरोपाचे दोन तुकडे करायचे नाहीत, जास्तीचं छाटून टाकायचं, अशी खूण यंत्रात कोणी तरी कधी तरी करून ठेवलेली. तिने काल स्वतःच्या फोनवर पाठवून पाहिलं तेव्हा नुसतं 'नमस्कार' होतं, आणि 'नाही'सकट सगळं नीट आलं होतं. ती पिशवी उचलून निघणार तेवढ्यात साहेब मागे येऊन उभे राहिले. नुसतं नमस्कार कोरडं वाटतं म्हणाले. पुढे 'आदरपूर्वक' घाला आणि शेवटी ईमेलचं सांगा. तिने घातलं. पुन्हा पाठवून पाहायला हवं होतं. घरी जायची घाई होती, नाही पाहिलं.

आणि आपल्या भाषेतलं 'नाही' तर बसतंच शेवटच्या बाकावर. गाडी छोटी पडली की पहिलं तेच खाली उतरतं.

"साहेब!" ती ओरडली.

साहेब आपल्या खोलीतून कप हातात घेऊन आले. गोड माणूस, मऊ बोलणारा, शिपायालाही 'कृपया' म्हणणारा. पाठीमागे सगळे त्यांना सौजन्यसाहेब म्हणत. त्यांनी पडदा वाचला, एकदा, दोनदा, आणि कप टेबलावर ठेवला तो निम्मा सांडला.

"अरे बापरे," ते म्हणाले. "थांबा. घाई करायची नाही. आधी वरच्यांशी बोलतो."

"वरचे आज सुट्टीवर आहेत."

"मग फोनवर बोलतो. हे बघा बाई, आत्ता एक निरोप आणि वीस मिनिटांनी त्याच्या बरोब्बर उलटा, असं केलं तर लोक घाबरतील हो. कंपनीबद्दल काय वाटेल त्यांना?"

"घाबरू देत ना! घाबरायलाच पाहिजे त्यांनी!"

"आवाज खाली. शब्द नीट विचार करून—"

मजकूरबाईने त्यांच्याकडे पाठ केली. सहा वर्षांत ती असं कधी वागली नव्हती. तिने टाइप केलं, 'गीझर बंद करा. वापरू नका. विषारी धूर होतो.' अक्षरं मोजली, बोटांवर मोजली, काना-मात्रांसकट मोजली. आधी स्वतःच्या फोनवर पाठवलं. पूर्णविरामासकट आलं. मग सगळ्यांना सोडलं. आठ वाजून सव्वीस मिनिटं झाली होती.

"माझी परवानगी?" साहेब म्हणाले.

"नंतर काढून टाका मला."

त्यांना आजवर असं कोणी बोललं नव्हतं. आणि आश्चर्य म्हणजे ते जरा शहाण्यासारखे वागायला लागले. "आता काय करायचं?" त्यांनी विचारलं.

ईमेल कोणी उघडला ते यंत्र सांगत होतं. दोनशे चौदांपैकी अडतीस जणांनी. ते अडतीस वाचले, त्यांना पूर्ण वाक्य मिळालं होतं. बाकीच्यांनी उघडलाच नव्हता, आणि का उघडावा? बाहेरच्या थापेनेच सगळं ठीक आहे म्हणून सांगितल्यावर दार कोण उघडतो? त्या एकशे शहात्तर जणांना फोन लावायचे होते. नवा निरोप गेला होता खरा, पण आंघोळीला गेलेला माणूस फोन बरोबर नेत नाही.

तिने पहिला फोन टेलरबाईला लावला. घंटा वाजत राहिली. दुसऱ्यांदा लावला. वाजत राहिली. तिसऱ्यांदाही तेच.

इतक्यात नव्या नळ्यांचं खोकं न्यायला मिस्त्री आत आले. खोट शोधून काढणारे ते हेच, पन्नाशीचे, कमी बोलणारे. मजकूरबाईने त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. मिस्त्रींनी खोकं खाली ठेवलं.

"पत्ता?" त्यांनी विचारलं.

"दोऱ्यांच्या दुकानांमागची गल्ली. दुसरा मजला."

"चला ताई. स्कूटरने पंधरा मिनिटं."

तिने यादी दोनदा छापली, एक प्रत साहेबांपुढे टाकली आणि दुसरी पिशवीत कोंबली. ती दारापर्यंत पोचेतो साहेबांनी पहिला फोन लावलाही होता. "आदरपूर्वक नमस्कार," त्यांचा मऊ आवाज आला, "मी आपल्या सेवेत—"

"नमस्कार नंतर हो!" ती दारातून किंचाळली. "आधी बंद करा म्हणा!"

स्कूटरवर वारा सुरीसारखा लागत होता. मिस्त्रींच्या पाठीमागे बसून ती एका हाताने सीट धरून होती आणि दुसऱ्या हाताने पुन्हा पुन्हा तोच नंबर लावत होती. तिच्या डोळ्यांपुढे एक म्हातारी दिसत होती, पाटावर बसलेली, मान एका बाजूला कललेली. लेक तिच्या पाठीवरून तांब्याने पाणी घालतेय आणि तिलाही कळत नाहीये आपल्याला झोप का येतेय. बंद दारामागे दोघी. पहिल्या सिग्नलला मिस्त्री थांबले तेव्हा मजकूरबाईच्या तोंडून शिवी निघाली. दुसऱ्या सिग्नलला मिस्त्री थांबलेच नाहीत.

"किती वेळ लागतो मिस्त्री?" तिने त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं. "गुंगी यायला?"

"न्हाणी केवढी त्यावर आहे."

"छोटी असली तर?"

मिस्त्रींनी वेग वाढवला.

गल्लीत शिरल्यावर घर सापडायला वेळ लागला नाही. जिन्याच्या तोंडाशी पाटीच होती, 'कपडे शिवून व दुरुस्त करून मिळतील, दुसरा मजला.' मजकूरबाई एका वेळी दोन दोन पायऱ्या चढली. वरून आवाज येत होता, ठक, ठक, ठक, लाकडावर लाकूड आपटावं तसा. गिऱ्हाइकांसाठी दार नुसतं लोटलेलं होतं. ती आत घुसली.

खिडकीपाशी शिवणयंत्र, त्याच्यापुढे मापाच्या पट्ट्या, चारही बाजूंना कापडाचे ढीग. आणि न्हाणीघराच्या बंद दारासमोर खुर्चीत एक म्हातारी बसलेली, शालीत गुंडाळलेली, कोरडी ठणठणीत! ती काठी जमिनीवर आपटत होती. शिवणयंत्रावर फोन वाजत होता, तिच्या हातापासून चार हात लांब, आणि तो वाजवणारी होती मजकूरबाई.

"आत आहे ती!" म्हातारी ओरडली. तिचा आवाज बसला होता. "माझी लेक! किती वेळ हाका मारतेय, ओ देत नाही! मला उठता येत नाही हो!"

सगळ्या रस्ताभर मजकूरबाईने म्हातारीची काळजी केली होती. मिस्त्रींनी दार ढकलून पाहिलं, आतून कडी होती. त्यांनी खांदा लावला. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा कडी चौकटीसकट उखडली आणि आतून गरम वाफ अंगावर आली.

टेलरबाई बादलीला टेकून जमिनीवर पडली होती. चाळिशीची असेल. नळ चालूच होता. चेहरा लालबुंद, जणू नुकतीच हसून हसून दमलीय.

"श्वास धरा ताई!" मिस्त्री म्हणाले. त्यांनी आत जाऊन गीझरची चावी पिळली आणि काखेत हात घालून तिला ओढत बाहेर काढलं. मजकूरबाईने पाय धरले. शिवायला आलेलं कुणाचं तरी निळं कापड ढिगावरून ओढून तिच्यावर टाकलं आणि दोघांनी तिला तसंच बाहेरच्या गॅलरीत, थंड हवेत नेऊन निजवलं. मिस्त्री सगळ्या खिडक्या उघडत सुटले, मजकूरबाईने रुग्णवाहिकेला फोन लावला. पत्ता दोनदा सांगितला.

"आहे का?" आतून म्हातारीने विचारलं. "कोणी तरी सांगा ना! आहे का माझी बाळी?"

मजकूरबाईने कान टेलरबाईच्या तोंडाशी नेला. श्वास होता. अगदी बारीक, पण होता.

"आहे, आजी! श्वास आहे!"

"काठीने ठोकत होते मी," म्हातारी आतून म्हणाली. "खालच्यांना ऐकू जावं म्हणून. त्यांना वाटलं असेल, यंत्र चाललंय."

रुग्णवाहिका यायला बारा मिनिटं लागली. त्या बारा मिनिटांत मजकूरबाईने टेलरबाईचं डोकं मांडीवरून हलू दिलं नाही. एकदा ती कण्हली, एकदा तिने ओठ हलवले, पण डोळे उघडले नाहीत. मग गणवेशातली माणसं आली, त्यांनी तोंडाला प्राणवायूची नळी लावली, आपसात भराभर बोलली आणि तिला घेऊन निघाली. बरोबर कोणी तरी हवं होतं. मिस्त्री गेले.

आता त्या खोलीत दोघीच उरल्या. सगळ्या खिडक्या सताड उघड्या, त्यामुळे हुडहुडी भरत होती. मजकूरबाईने दुसरी शाल शोधून म्हातारीच्या खांद्यांवर टाकली, पाणी दिलं. म्हातारीने घोटभर घेतलं आणि तिचा हात धरला.

"तुम्ही कोण गं पोरी? देवासारख्या धावून आलात."

नेमका तेव्हाच साहेबांचा फोन आला. म्हातारीकडे पाठ करून ती बोलली.

"कसं आहे तिकडे?" साहेबांनी विचारलं.

"नेलंय दवाखान्यात. बेशुद्ध आहे."

"हे बघा बाई," साहेब म्हणाले, "इकडे शिपायासकट सगळे फोनला बसलो, जवळजवळ सगळे लागले. चौघांनी फोन ऐकून लगेच बंद केला. अकरा उरलेत, उचलतच नाहीत. आणि एक ऐका. तिथे काही कबूल करायचं नाही. 'तांत्रिक अडचण' म्हणा. एवढंच म्हणा, कृपया."

"बघते," म्हणून तिने फोन ठेवला. तांत्रिक अडचण! म्हणायला किती सोपं, आणि खोटंही नाही म्हणे. ती वळली तेव्हा म्हातारी आपल्याच तंद्रीत बोलत होती.

"मी सांगत होते तिला. निरोप वाचून दाखवला तिने, तेव्हाच मी म्हटलं, अगं, हे वाक्य संपलेलं नाहीये. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली मी. ओळ कुठे कापलीय ते मला ऐकूनसुद्धा कळतं. दाखव म्हटलं फोन, पूर्णविराम कुठाय? योग्य म्हणजे काय? योग्य आहे, की योग्य नाही, की योग्य माणसाकडून तपासून घ्या? काहीही असेल! पुढचं येईपर्यंत मी पाण्याला शिवायची नाही."

"मग?"

"मग काय, भडकली. म्हणाली, जन्मभर माझ्या चुका काढल्यास, आता कंपनीच्या काढ. तुला नसेल करायची तर नको करूस आंघोळ, मी तरी करते, दोन दिवस अंगाला पाणी नाही." म्हातारीने शाल घट्ट ओढून घेतली. "ती कपडे घेऊन आत निघाली तेवढ्यात फोन टिंग करून वाजला. मी म्हटलं, बघ बाई, राहिलेलं वाक्य आलं असेल. दारातून म्हणाली, आल्यावर बघते."

आठ सव्वीस. मजकूरबाईला ती वेळ सांगायची गरज नव्हती. साहेबांशी हुज्जत घातली नसती, चौथ्या धन्यवादाची वाट न बघता पहिल्यालाच शंका घेतली असती, तर तो टिंग पाच मिनिटं आधी वाजला असता. ती म्हातारीच्या पुढ्यात जमिनीवर बसली.

"आजी," ती म्हणाली, "मी देवासारखी-बिवासारखी नाही. मी त्याच कंपनीतली आहे. तो निरोप मी लिहिलाय."

म्हातारीने तिचा हात सोडला.

"योग्य नाही, असं लिहिलं होतं. अक्षरं जास्त झाली, शेवटचं छाटलं गेलं. पाठवण्याआधी बघायला पाहिजे होतं. मी नाही बघितलं."

खालून शिवणाच्या दोऱ्यांची ढकलगाडी गेली, तिचा खडखडाट पार लांब जाईपर्यंत ऐकू येत राहिला. म्हातारी तिच्याकडे टक लावून बघत होती. मारेल आता, असं मजकूरबाईला वाटलं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं.

"पहिला शब्द काय होता निरोपात?" म्हातारीने विचारलं.

"आदरपूर्वक."

"तो कोणी घातला?"

"साहेबांनी सांगितला. मी घातला."

"माझ्या हाताखाली असतात ना," म्हातारी दातओठ खात म्हणाली, "तर तो शब्द खोडून कागद तोंडावर फेकला असता. आदर! माझी लेक आत मरत होती आणि यांचा आदर!" तिला धाप लागली. मग जरा वेळाने, निराळ्याच आवाजात ती म्हणाली, "मला उठवते, बसवते, भरवते ती. दुसरं कोणी नाही मला. ती येईपर्यंत तुम्ही इथून हलायचं नाही. कळलं?"

"नाही हलणार."

"आणि अजून किती जणांकडे गेलंय असं अर्धवट?"

"सगळ्यांकडे. अकरा जण अजून फोन उचलत नाहीत."

"मग माझ्यापुढे बसून डोळे कसले पुसताय? लावा की! यादी आहे का?"

मजकूरबाईने पिशवीतून यादी काढली. साहेबांना विचारून लागलेल्यांवर काट मारली. म्हातारीने चष्मा मागितला, कागद डोळ्यांपाशी नेला आणि एक एक आकडा सुटा वाचून दाखवू लागली. एक नंबर वाचून झाला की मजकूरबाई तो परत म्हणून दाखवी, म्हातारी 'बरोबर' म्हणे, आणि मगच फोन लागे. पहिला उचलला एका गृहस्थाने. तो दाढी करत होता, पाणी तापत ठेवलं होतं. बंद केलं. दुसरी एक परगावी गेलेली निघाली. तिसऱ्याने दोन शिव्या हासडल्या, पण आधी गीझर बंद केला. चौथा नंबर लागेना. पाचव्या घरी एका बाईने बंद करते म्हणून सांगितलं, तरी म्हातारी म्हणाली, "ती बंद करून येईपर्यंत ठेवू नका फोन," आणि मजकूरबाईने ठेवला नाही.

साडेदहाच्या सुमारास तीन उरले होते. त्या तिघांच्या घरी साहेब स्वतः निघाले होते, एकाच्या दारात तर पोचलेही होते. मजकूरबाई त्यांच्याशीच बोलत होती तेवढ्यात मधे मिस्त्रींचा फोन आला. तिने साहेबांना तसंच तोडलं. उचलायचं बटण दोनदा हुकलं.

"ताई, शुद्धीवर आलीय," मिस्त्री म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, वेळेत आणली. दोन दिवस ठेवतील. बोलायचं म्हणतेय आईशी, एकच मिनिट."

मजकूरबाईने फोनचा आवाज मोठा केला आणि म्हातारीच्या कानाशी धरला. पलीकडे खरखर झाली, कोणीतरी नळी बाजूला केली असावी. मग एक घोगरा, दमलेला आवाज आला.

"आई..."

"बोल गं. बोल बाळे. मी आहे."

"आई, तू... तू आंघोळ केलीस का गं?"

म्हातारी फोनकडे आणखी वाकली.

"नाही," ती म्हणाली. "नाही गं माझे बाई. नाही केली." आणि मग तिला जे रडू कोसळलं ते थांबेना. पलीकडून लेक अजून अर्ध्या गुंगीत, क्षीण आवाजात विचारत होती, रडतेस कशाला, पाणी गार होतं का. मजकूरबाईने दोन्ही हातांनी फोन धरून ठेवला होता.